पाणीपुरवठ्याचा प्रश्न महापालिकेकडून सोडवून घेण्याचा क्रम: ठाणे आणि नवी मुंबईतील रहिवासी गटांसाठी

उन्हाळा लागला की प्रभाग कार्यालयाच्या आवक खिडकीवर एकाच साच्यातले अर्ज येऊ लागतात. ‘आमच्या विभागात गेल्या अनेक दिवसांपासून कमी दाबाने व अनियमित पाणीपुरवठा होत आहे, तरी आपण जातीने लक्ष घालावे’ असा मजकूर, खाली दीडशे-दोनशे सह्या आणि शेवटी मोर्चाचा इशारा. कनिष्ठ अभियंता येऊन जातो, ‘पाहणी केली असता पुरवठा सुरळीत आढळला’ असा शेरा पडतो आणि तक्रार निकाली निघते. अर्ज करणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण क्रम चुकलेला असतो. किती पाणी आले, किती वेळ आले, कोणत्या वाहिनीतून आले आणि महापालिकेच्या दप्तरात त्याची काय नोंद आहे, हे हातात नसताना दिलेला अर्ज एका ओळीत फेटाळता येतो.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिल्या पाच टप्प्यांत महापालिकेला एक ओळही लिहायची नाही, हे अनेकांना खटकते. तरीही हा संयम पाळावा. अपवाद फक्त एक: पाणी दूषित असल्याची शंका आली किंवा इमारतीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागले, तर कोणत्याही टप्प्यासाठी न थांबता त्याच दिवशी पाणीपुरवठा आणि आरोग्य अशा दोन्ही विभागांना कळवावे आणि पाणी उकळून प्यावे.

१. गट बांधा, पण हद्द व्हॉल्व्हवरून ठरवा

निवडणुकीचा प्रभाग आणि पाणी सोडण्याचा विभाग यांच्या हद्दी जुळतीलच असे नाही. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या जलकुंभांतून, वेगळ्या वेळी पाणी येत असू शकते. अशा दोन बाजूंनी मिळून एकच अर्ज केला तर एका बाजूची तक्रार दुसऱ्या बाजूच्या सुरळीत पुरवठ्यामुळे खोटी ठरते. त्यामुळे गटात फक्त त्या इमारती, चाळी आणि घरे घ्यावीत, ज्यांना एकच व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी येते.

हे शोधणे अवघड नाही. पाण्याच्या वेळेला गल्लीच्या सुरुवातीपासून टोकापर्यंत चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी पाणी कधी सुरू झाले ते विचारावे. सर्वात नेमकी माहिती व्हॉल्व्हमनकडे असते. तो बहुधा कंत्राटी कामगार असतो, वेळापत्रक तो ठरवत नाही आणि त्याच्यावर आवाज चढवून काही साधत नाही. त्याला शांतपणे विचारले तर कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडला जातो, हेही तो सांगतो.

सात-आठ जण पुरेसे आहेत. प्रत्येक इमारतीतून एक व्यक्ती असावी आणि त्यात गल्लीच्या शेवटच्या टोकाचे घर हमखास असावे, कारण खरी टंचाई तिथे दिसते. गावठाणात किंवा चाळीत पाणी भरण्याचे काम ज्या महिला करतात त्यांना गटात नुसते नावापुरते घेऊ नये. पाणी कधी आले, धार कधी बारीक झाली, पहिली किती मिनिटे गढूळ होते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, म्हणून नोंदवही त्यांच्याकडेच द्यावी. पत्रव्यवहार मात्र एकाच व्यक्तीने सांभाळावा.

२. पाणी कोणाचे आणि कार्यालय कोणाचे, हे शोधा

आपल्याकडील निम्मे अर्ज चुकीच्या दारात जातात. ठाणे शहराला एकाच ठिकाणाहून पाणी मिळत नाही. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीचे पाणी पिसे येथे उचलते आणि टेमघर येथे शुद्ध करते. त्याशिवाय ‘स्टेम’ कंपनीकडून उल्हास नदीचे पाणी येते. ही कंपनी ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या भागीदारीची आहे. कळवा, मुंब्रा आणि दिवा यांचा मोठा आधार एमआयडीसीचे पाणी आहे, जे बारवी धरणातून येते. शहराच्या काही भागांना मुंबई महापालिकाही पाणी देते.

नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यातील मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे आहे. तेथील पाणी भोकरपाडा येथे शुद्ध होऊन मुख्य जलवाहिनीने दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे बेलापूरकडून दिघ्याकडे सरकत येते. म्हणून ऐरोली-दिघा पट्ट्यातील तक्रारीचे कारण वाहिनीच्या टोकाला असणे हेही असू शकते. शिवाय उत्तरेकडील भागात एमआयडीसीचे पाणीही घेतले जाते. खारघर, कामोठे किंवा कळंबोलीत राहणाऱ्यांनी नवी मुंबई महापालिकेला पत्र लिहून उपयोग नाही. या वसाहती पनवेल महापालिकेच्या हद्दीत आहेत आणि तेथे पाणी देण्याचे काम सिडको करत आली आहे.

ओळखण्याची सोपी रीत अशी: कोणत्या यंत्रणेने शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी पाणी बंद, जाहीर केला की तुमचा नळ कोरडा पडतो, याची नोंद महिना-दोन महिने ठेवावी. स्टेमच्या शटडाऊनला पाणी गेले तर स्रोत स्टेम, एमआयडीसीच्या शटडाऊनला गेले तर एमआयडीसी. स्रोत कोणताही असला तरी तुमच्या गल्लीतील वितरण महापालिकेकडे असते, त्यामुळे अर्ज महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागालाच द्यायचा असतो. पण ‘मूळ यंत्रणेकडूनच पाणी कमी आले’ हे उत्तर खरे की सबब, हे पारखण्यासाठी स्रोत माहीत असणे आवश्यक आहे.

ठाण्यात पहिले कार्यालय म्हणजे प्रभाग समितीतील पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ किंवा उपअभियंता, नवी मुंबईत विभाग कार्यालयातील अभियंता. त्यावर कार्यकारी अभियंता. थेट आयुक्तांना लिहिलेले पत्र फिरून याच टेबलावर येते आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात.

३. इमारतीच्या आतला दोष आधी वगळा

हा टप्पा बहुतेक गट टाळतात आणि नेमका इथेच अर्ज आपटतो. अभियंता आला, त्याने भूमिगत टाकीचे झाकण उघडले, फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारी तोटी) अर्धवट अडकलेला दिसला, तर उरलेल्या सर्व इमारतींच्या तक्रारीवरही त्याच शेऱ्याची सावली पडते.

परवानाधारक प्लंबरकडून पुढील गोष्टी एकदा पाहून घ्याव्यात: मीटरच्या आधीची जाळी कचऱ्याने भरली आहे का, जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद झाला आहे का, फ्लोट पूर्ण खाली जातो का. त्यानंतर भूमिगत टाकीची गळती तपासावी. रात्री टाकी भरलेली असताना येणारा आणि जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत, आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खडूची खूण करावी आणि सकाळी पाहावे. पातळी स्पष्ट उतरली असेल तर टाकी गळते आणि गळती दोन्ही दिशांनी होऊ शकते: पाणी बाहेर जाते आणि पावसाळ्यात बाहेरचे घाण पाणी आत येते.

सावधान: मुख्य वाहिनीवर थेट लावलेली मोटर, म्हणजे बूस्टर, इमारतीत असेल तर ती आधी काढावी. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्या ओढीने वाहिनीत पोकळी तयार होते आणि जोडातल्या फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी नळात खेचले जाते. एका इमारतीची मोटर पुढच्या सगळ्या घरांचे पाणी तोडते. गटातल्याच सदस्याकडे मोटर असेल, तर आधी तिथे बोलण्याचे धैर्य दाखवावे लागते.

पाणीपट्टीची थकबाकीही याच टप्प्यावर मिटवावी. थकबाकी असताना केलेल्या तक्रारीला पहिले उत्तर थकबाकीचेच मिळते.

४. सलग दोन आठवडे मोजा

या टप्प्याला घाई करू नये. एका दिवसाच्या मोजणीला काहीच किंमत नसते. चौदा दिवसांची सलग नोंद असेल तर ती सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

आधी काय मोजायचे ते ठरवावे. ज्या इमारतींना भूमिगत टाकी आहे, त्यांनी दाबाच्या मागे फार लागू नये. त्यांच्यासाठी दिवसाला किती लिटर पाणी टाकीत पडले हाच प्रश्न असतो. ज्या चाळीत किंवा गावठाणातील घरांत नळाखाली थेट हंडा लावला जातो, तिथे पाणी किती वेळ राहिले आणि धार किती होती हे महत्त्वाचे.

टाकी असलेल्या इमारतीत मीटर चालू असेल तर काम सोपे आहे. मीटरवरील काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे त्याचा अपूर्णांक. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणजेच बिलावरचे एक युनिट. पाणी येण्याच्या आधी आणि गेल्यावर असे दोन आकडे लिहावेत आणि दोन्ही वेळा मीटरचा फोटो काढावा. मीटर बंद असेल तर टाकीवरून हिशेब करता येतो. समजा टाकी आतून ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे आणि पाणी येऊन गेल्यावर पातळी ०.७५ मीटर चढली, तर ६ × ४ × ०.७५ म्हणजे १८ घनमीटर, अर्थात १८,००० लिटर पाणी आले. त्या इमारतीत ४० घरे आणि १६० माणसे राहत असतील तर माणशी ११२ लिटरच्या आसपास पडले. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारने धरलेला निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने या इमारतीला २१,६०० लिटर हवे होते. ‘पाणी कमी येते’ या वाक्याऐवजी ‘रोज सरासरी ३,६०० लिटरची तूट’ असे लिहिता येणे, हा या सगळ्या खटाटोपाचा उद्देश आहे.

सावधान: टाकी भरत असताना वरच्या टाकीकडे जाणारा पंप चालू राहिला तर पातळीचा हिशेब चुकतो आणि तूट प्रत्यक्षाहून मोठी दिसते. त्या वेळेत पंप बंद ठेवण्याची सूचना वॉचमनला लेखी द्यावी. अशी एक चूक अभियंत्याच्या नजरेस आली की संपूर्ण वहीवरचा विश्वास उडतो.

थेट नळ असलेल्या घरांत २० लिटरची बादली भरायला लागणारे सेकंद मोजावेत: पाणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी, मध्यावर आणि बंद होण्याआधी. दाबच मोजायचा असेल तर प्लंबरकडून नळाला दाबमापक बसवून घ्यावा. त्यावरील १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे १० मीटर उंचीइतका दाब. एकमजली घरांसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर हा शहरी पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय संहितेतला जुना निकष आहे.

वहीत दर दिवशी एकच ओळ असावी: तारीख, सुरू होण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, दोन वाचने, एकूण लिटर, पाण्याचा रंग-वास, नोंद घेणाऱ्याची सही. शटडाऊनचा दिवस आणि त्यानंतरचा कमी दाबाचा दिवस वेगळ्या शाईने लिहावा आणि सरासरीतून वगळावा. टँकर मागवला तर त्याची पावती त्याच पानाला टाचावी.

तपासणी: गल्लीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तीन ठिकाणच्या वह्या शेजारी ठेवून पाहा. सुरुवातीला पुरेसे आणि शेवटी कमी असेल तर दोष बहुधा वाहिनीचा व्यास, गळती, बूस्टर किंवा अनधिकृत जोडणी यांत आहे. तिन्ही ठिकाणी सारखेच कमी असेल तर पाणी सोडण्याचा कालावधी किंवा जलकुंभाची पातळी पाहावी लागेल. या दुसऱ्या प्रकारात नुसती नवी वाहिनी मागणे निरर्थक आहे, तरी बहुतेक अर्जांत तेवढेच मागितलेले असते.

५. पाण्याचा दर्जा तपासा, पण योग्य नळावर

दर्जाच्या तक्रारीत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेणे. ते पाणी इमारतीच्या दोन टाक्यांतून आलेले असते. त्यात दोष निघाला तर महापालिका टाकीकडे बोट दाखवते आणि तिचे म्हणणे चुकीचे नसते. नमुना मुख्य वाहिनीतून थेट येणाऱ्या, टाकीच्या आधीच्या नळावरून घ्यावा. तुलनेसाठी दुसरा नमुना टाकीनंतरच्या नळाचा घेतला तर दोष कोणाच्या हद्दीत आहे ते लगेच कळते.

घरच्या घरी करता येणारी चाचणी क्लोरीनची, जिला पाणी खात्यात सगळे ‘ओटी’ म्हणतात. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे किटवर सांगितलेले थेंब टाकायचे, नळी हलवून लगेच पांढऱ्या कागदासमोर धरायची आणि पिवळा रंग किटच्या रंगपट्टीशी जुळवायचा. मोकळा क्लोरीन पाहायचा असेल तर रंग पहिल्या काही सेकंदांतच वाचावा लागतो. पाच-दहा मिनिटांनी पाहिले तर रंग गडद होतो आणि पाण्यात आहे त्याहून जास्त मोकळा क्लोरीन असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. भारतीय मानक १०५०० नुसार नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन उरलेला असावा. रंग अजिबात आला नाही तर ती गंभीर बाब आहे: एक तर क्लोरीन पुरेसा टाकलेला नाही, किंवा वाटेत शिरलेल्या घाणीने तो संपवला आहे. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे. हाताला लागू देऊ नये, चाचणीचे पाणी टाकीत परत ओतू नये आणि लहान मुलांच्या हाती किट देऊ नये.

दुसरी सोपी चाचणी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली खोलीच्या तापमानाला २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळे झाले तर मैलापाण्याच्या संसर्गाची दाट शक्यता. ही फक्त चाळणी चाचणी आहे, पुरावा म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

प्रयोगशाळेसाठी जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी, कारण तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन घातलेले असते. ती धुऊ नये. नळाचे तोंड स्पिरिटने पुसून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटली काठोकाठ भरू नये, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावी. अहवालात दोन गोष्टी आधी पाहाव्यात: १०० मिलिलिटर नमुन्यात कोलिफॉर्म किंवा ई. कोलाय हे जिवाणू आढळू नयेत आणि गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) आत असावा. दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत चालतो.

तपासणी: नमुना घेतानाचा फोटो, वेळ, ठिकाण आणि दोन साक्षीदारांच्या सह्या जवळ आहेत का? नसतील तर दुसरा नमुना घ्या.

६. महापालिकेचे कागद पाहा

आता कागदांकडे वळावे. राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी तिथे जावे. पाहणीत काय उपलब्ध आहे हे कळले की माहितीचा अर्ज नेमका लिहिता येतो.

माहितीच्या अधिकारात मागावयाचे कागद पुढीलप्रमाणे: तुमच्या विभागाचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक, जलकुंभाच्या पातळीची दैनंदिन नोंदवही, वितरण वाहिन्यांचा नकाशा, व्यास आणि टाकल्याचे वर्ष, तुमच्या भागातील पाणी नमुन्यांचे मागील सहा महिन्यांचे अहवाल, गळती दुरुस्तीच्या नोंदी. ‘पाणी कमी का येते?’ हा प्रश्न या कायद्याखाली विचारूच नये. कायदा दप्तरात असलेली माहिती देण्यास बांधील करतो, कारणमीमांसा करण्यास नाही, आणि असा एक प्रश्न संपूर्ण अर्ज परतवण्यास पुरतो.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, प्रतीसाठी पानाला २ रुपये. अर्ज व्यक्तीच्या नावाने करावा. सोसायटीच्या लेटरहेडवर ‘सेक्रेटरी’ म्हणून केलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण हा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. उत्तर ३० दिवसांत न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे, त्याचे शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. कलम २(ञ) खाली कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. हे लक्षात ठेवावे, शेवटच्या टप्प्यात त्याची गरज पडते.

कागद आले की तुमची वही आणि त्यांची नोंदवही तारखेनुसार शेजारी मांडावी. वेळापत्रकात दोन तास असताना तुमच्या वहीत सलग चौदा दिवस सव्वा तास असेल, तर त्याहून प्रभावी मुद्दा दुसरा नाही.

७. अर्ज: एक दोष, एक मागणी

अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात एकच मागणी असावी. कमी दाब, गढूळ पाणी, जास्त बिल आणि खोदलेला रस्ता असे चार विषय एकत्र केले की अधिकारी त्यातल्या सर्वात सोप्या विषयाला उत्तर देतो. मजकुराचा नमुना:

‘अमुक व्हॉल्व्हवरील अमुक इमारतींना मंजूर वेळापत्रकानुसार दररोज दोन तास पाणी मिळणे अपेक्षित आहे. दि. … ते दि. … या चौदा दिवसांत प्रत्यक्ष सरासरी एक तास पंधरा मिनिटे पाणी मिळाले असून माणशी पुरवठा ११२ लिटर आहे. नोंदी सोबत जोडल्या आहेत. सदर व्हॉल्व्हवर रहिवाशांच्या उपस्थितीत संयुक्त पाहणी सात दिवसांच्या आत करावी, ही विनंती.’

मागणी पाहणीची आहे, वाहिनी बदलण्याची नाही. पाहणी करणे कनिष्ठ अभियंत्याच्या हातात असते, वाहिनी बदलणे नसते. जी गोष्ट त्या टेबलावर होऊ शकत नाही ती मागितली की फाइल वर जाते आणि तिथेच राहते.

आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. व्हॉट्सअॅपवर अभियंत्याला पाठवलेला फोटो ही सूचना आहे, तक्रार नाही. पाण्याचा दाब, गुणवत्ता, नादुरुस्त मीटर आणि अनधिकृत जोडणी यांच्या तक्रारी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांमध्ये येतात. त्या मार्गाने केलेल्या तक्रारीला ठरलेली मुदत असते, मुदत टळल्यास अपील करता येते आणि विनाकारण विलंब करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला (त्या सेवेसाठी जबाबदार नेमलेला अधिकारी) ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून साध्या पत्रापेक्षा हा मार्ग आधी निवडावा.

मुदतीत काही झाले नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा महापालिकेचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, आहे. तिथे अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. संस्थेच्या लेटरहेडवरचे आणि सामूहिक अर्ज तिथे घेत नाहीत. कितीतरी सोसायट्या याच कारणाने खिडकीवरून परत येतात. गटातील एका रहिवाशाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि वह्यांच्या प्रती जोडाव्यात.

८. संयुक्त पाहणी

पाहणी पाण्याच्या वेळेतच ठेवावी, मग ती पहाटे पाचला का असेना. दुपारी बाराला रिकाम्या वाहिनीकडे पाहून काहीही सिद्ध होत नाही. तीन-चार जणांनीच जावे. पन्नास जण जमले की अभियंता बोलायचे थांबतो.

क्रम असा ठेवावा: आधी व्हॉल्व्ह उघडताना उभे राहून वेळ आणि फेरे लिहावेत, मग गल्लीच्या टोकाच्या घरी बादली भरून दाखवावी, मग मधल्या इमारतीचे मीटर, शेवटी शंकास्पद जागा. रस्त्यावर कायम ओल असलेली जागा, गटारातून जाणाऱ्या जोडण्या आणि पाण्याने भरलेले व्हॉल्व्हचे चेंबर यांकडे आवर्जून लक्ष वेधावे. चेंबरमध्ये घाण पाणी साचलेले असेल तर पुरवठा बंद असताना ते वाहिनीत शिरू शकते. पहिली दहा मिनिटे पाणी गढूळ येण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

सावधान: व्हॉल्व्हला स्वतः हात लावू नये, चावी मागू नये. तुमच्या फेऱ्यामुळे पुढच्या गल्लीचे पाणी तुटते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

पाहणी संपल्यावर तिथेच अर्ध्या पानाचे टिपण लिहून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. अभियंत्याने सही नाकारली तर तेच टिपण त्याच दिवशी आवक करून पोच घ्यावी.

९. मोठे काम असेल तर अंदाजपत्रकाची वेळ साधा

व्हॉल्व्ह दुरुस्ती, वेळापत्रकातील बदल, गळती काढणे ही कामे पाहणीनंतर होऊ शकतात. वाहिनी बदलणे किंवा नवा जलकुंभ यासाठी तरतूद लागते. महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आयुक्त साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडतात आणि खात्यांच्या मागण्या त्याच्या काही महिने आधी गोळा होतात. म्हणून मागणी दिवाळीच्या सुमारास पाणीपुरवठा विभागात पोहोचली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यातल्या टंचाईत मागितलेली वाहिनी त्या वर्षी मिळत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच साधे कारण असते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार प्रभाग समितीवर मान्यताप्राप्त स्वयंसेवी व लोकसंस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेचीही, म्हणजे त्या भागातील मतदारांच्या सभेचीही, तरतूद केली आहे. आपल्या नगरसेवकाकडे क्षेत्रसभा बोलावण्याची लेखी मागणी करावी आणि वाहिनीचा विषय तिच्या कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा.

१०. काम सुरू झाल्यावर खड्डा बुजण्याआधी पाहा

कार्यादेश, अंदाजपत्रकाचे तपशील आणि नकाशा यांच्या प्रती आधी मिळवाव्यात, नाहीतर काय पाहायचे तेच कळत नाही. प्रत्यक्षात चार गोष्टी तपासाव्यात. पाइपवर छापलेला व्यास आणि दर्जा कार्यादेशाशी जुळतो का? गटारापासून किती अंतर आहे? आडवे ३ मीटर अंतर ठेवणे हा नियम आहे; जागा नसेल तर जलवाहिनीचा तळ गटाराच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर असावा. खड्डा बुजवण्याआधी दाबाची चाचणी झाली का आणि तिची नोंद कोणाकडे आहे? नवी वाहिनी सुरू करण्याआधी धुऊन क्लोरीनने निर्जंतुक केली का?

जुनी वाहिनी बंद झाली की नाही, हा पाचवा प्रश्न अनेक गट विचारायचे विसरतात. नवी टाकून जुनी तशीच चालू ठेवली तर तिची गळती आणि तिच्यावरच्या अनधिकृत जोडण्या कायम राहतात आणि नव्या वाहिनीचा दाब तिथेच वाया जातो. सर्व जोडण्या नव्या वाहिनीवर घेतल्या का आणि जुनीचे तोंड बंद केले का, हे लेखी विचारावे.

दोष दिसला तर कामगारांशी वाद न घालता त्याच दिवशी फोटोसह उपअभियंत्याला लेखी कळवावे. खड्डा बुजल्यानंतर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खालील पाहणी मागता येते, पण तोवर पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

पाणी नव्या वाहिनीतून सुरू झाले की जुन्याच वहीत, त्याच तीन ठिकाणी, त्याच पद्धतीने पुन्हा चौदा दिवस मोजावे. आधीची आणि नंतरची सरासरी एका पानावर मांडून ते पान कंत्राटदाराचे अंतिम देयक निघण्याआधी कार्यकारी अभियंत्याकडे आवक करावे आणि दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष स्वतः दुरुस्त करून देण्याची मुदत) कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे त्याच पत्रात विचारावे.